चार चाकांची ताकद आणि चार चमचे वाफ

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपच्या मालकाला कधीही विचारा, ही गाडी काय काय करू शकते. तो सांगेल, चिखलातून निघते, ओढ्यातून जाते, नांगरटीतून चालते आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रुतला तर तोही ओढून काढते. हे सगळं खरं असतं. फक्त भर पावसात घाट चढताना समोरचं दिसतं का, हा एक प्रश्न विचारायचा नसतो. विचारलात तर मालक तडक विषय बदलतो आणि चासी किती दणकट आहे ते दाखवायला तुम्हाला गाडीखाली वाकायला लावतो.

आमच्या घराण्यात अशी जीप अण्णांकडे आहे. अण्णा माझे थोरले चुलतभाऊ, मुक्काम गडहिंग्लज. जीपला ताडपत्रीचं हूड आहे, दारांच्या जागी बटणांचे पडदे आहेत आणि पडद्यांना खिडकी म्हणून शिवलेलं प्लास्टिक आहे. ते प्लास्टिक पारदर्शक होतं तो काळ घरात फक्त म्हाताऱ्या माणसांना आठवतो. दर पावसाळ्यात आजरा, आंबोली करत सावंतवाडीला मामांकडे जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, हा या जीपचा कुळाचार. तो चुकला तर गाडी रुसते, असं अण्णा म्हणतात.

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि तिथला वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरातला. त्यातला बराचसा आमच्या जीपमध्ये पडतो. हूड आणि काचेची चौकट यांच्या मधल्या फटीतून तो वहिनींच्या मांडीवर येतो, पडद्याच्या तुटलेल्या बटणातून मागच्यांच्या कानात येतो आणि पेडलच्या भोकांतून खालून वरही येतो. जगातलं कुठलंही पाणी या गाडीत विनासायास आत येऊ शकतं. मात्र एकदा आत आलेली वाफ काही केल्या बाहेर जात नाही. हे कसं काय, याचं उत्तर शोधण्यात आमच्या कुटुंबातल्या दोन पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

परतीच्या प्रवासात घाटाखालची दाणोली मागे पडली की चढ सुरू होतो. पडदे बंद. आत अण्णा, वहिनी, दर खेपेचे सोबती बंडूमामा, मागे आम्ही भावंडं, पोरं, सावंतवाडीच्या मामांनी दिलेले दोन फणस, भिजलेल्या छत्र्या आणि निथळणारे रेनकोट. पहिल्या वळणाला काचेच्या खालच्या कोपऱ्यात पांढुरकी झाक येते. दुसऱ्या वळणाला ती वायपरच्या दांडीपर्यंत चढते. तिसऱ्या वळणाला दरी, डोंगर, समोरून येणारी एसटी आणि भज्यांची टपरी या सगळ्यांचा रंग एकच होतो. अण्णा स्टेअरिंगवर पुढे झुकतात. "फडकं!" अशी आरोळी उठते.

इथून पुढे गाडीत लोकशाही सुरू होते.

बंडूमामा म्हणतात, पडदे घट्ट लावा, बाहेरचं धुकं आत येतंय. वहिनी म्हणतात, पडदे उघडा, जीव गुदमरतोय. मागून कुणीतरी म्हणतं, गाडी जरा जोरात घ्या म्हणजे वाऱ्याने काच सुकेल. हा सल्ला देणारा नेहमी मागच्या सीटवर असतो, कारण तिथून दरी दिसत नाही. पोरं बाजूच्या प्लास्टिकवर बोटाने आपापली नावं लिहितात. प्रत्येकाचं मत वेगळं, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत असतं: हे संकट बाहेरून आलेलं आहे.

आणि तिथेच सगळ्यांचं चुकतं. काचेवरचं धुकं आंबोलीचं नसतं, आपलंच असतं.

हिशेब साधा आहे. पंचवीस अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. वीस अंशाला जेमतेम १७ ग्रॅम. जीपच्या आत हवा असते तीनेक घनमीटर, म्हणजे तिची वाफ धरायची सगळी ऐपत अर्ध्या कप चहाएवढी. उलट एक माणूस काही न करता नुसता बसला तरी श्वासातून आणि अंगातून तासाला चाळीसेक ग्रॅम पाणी हवेत सोडतो. बंडूमामा बोलत बसतात, तेव्हा त्यांचं जास्तच धरायला हवं. त्यात ओले रेनकोट आणि पायांखालचं चिंब गोणपाट. घाट चढताना बाहेरची हवा तीनेक अंशांनी उतरते, वर पावसाचं गार पाणी काचेवर अखंड ओतलं जातं. त्या गार काचेला आतली दमट हवा टेकली की तिला स्वतःजवळची वाफ पेलवत नाही आणि ती काचेवर टाकून मोकळी होते. काच म्हणजे गाडीतली सगळ्यात थंड आणि दुर्दैवाने सगळ्यात गरजेची जागा. पडदे लावलेली जीप हे चार चाकांचं मोदकपात्र असतं आणि आपण सगळे त्यात उकडायला बसलेलो असतो.

गंमत अशी की काचेवर जमलेलं सगळं पाणी गोळा केलं, तर फार फार तर दोन-चार चमचे भरेल. गुडघाभर ओढा पार करणारी, चारही चाकांना जोर पुरवणारी, गिअरच्या दांडीशेजारी आणखी छोट्या दांड्या मिरवणारी ही गाडी चार चमचे पाण्यापुढे हतबल होते. ताकद चाकांना आहे. दिसायला लागतं ते चालकाला, आणि त्याची सोय चासीत नसते.

अण्णांचा पहिला उपाय म्हणजे तळहात. तळहाताने पुसलं की थाळीएवढं गोल भोक पडतं आणि त्यातून जग दिसतं. हे सुख पुढच्या वळणापर्यंत टिकतं. मग हाताचं तेल काचेला लागलेलं असतं आणि समोरून एसटी दिवे लावून आली की त्या तेलकट रेघांतून एका एसटीच्या सोळा एसट्या होतात. नेमक्या कुठल्या एसटीला बाजू द्यायची, हे अण्णांना ठरवता येत नाही. पोरांनी लिहिलेल्या नावांचंही तसंच. बोटाच्या तेलाने लिहिलेलं नाव पुसलं तरी जात नाही, पुढच्या पावसाळ्यात वाफ धरली की पुन्हा उमटतं. आमच्या जीपच्या मागच्या प्लास्टिकवर दरवर्षी एक बदाम आणि त्यात दोन अक्षरं उगवतात. ती कुणी काढली ते घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या मुलीचं लग्न तिसऱ्याच अक्षराशी झालं, त्यामुळे जावई बरोबर असले की मागे रेनकोट टांगून ठेवावा लागतो.

तळहातानंतर वर्तमानपत्र. कागद पाणी चांगलं शोषतो, यात वाद नाही. पण काच पुसणारा माणूस मराठी असेल, तर तो अर्ध्यातच थांबून पुसायच्या पानावरचा अग्रलेख वाचायला लागतो. बंडूमामांनी एका चढावर संपादकांशी असलेला मतभेद सविस्तर मांडला होता. तोवर काच पुन्हा भरली.

मग येतात घरगुती इलाज, आणि त्यांत आपल्या देशाचा हात कुणी धरणार नाही. ट्रकवाल्यांचा तंबाखू. चंचीतून चिमूट काढायची, ओली करायची आणि काचेवर बाहेरून चोळायची. बटाटा अर्धा कापून तोही तसाच फिरवायचा. आतल्या बाजूला अंघोळीच्या साबणाची वडी कोरडीच ओढायची आणि मग मऊ फडक्याने डाग जाईपर्यंत पुसायचं. लोक याला हसतात, पण यातलं शास्त्र खोटं नाही. वाफेने काच आंधळी होते ती पाण्यामुळे नाही, थेंबांमुळे. पाण्याचा सपाट थर पारदर्शकच असतो. लाखो बारीक थेंब मात्र प्रकाश वाटेल तसा उधळतात. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, मग ते थेंब धरण्याऐवजी पसरून बसतं आणि आरपार दिसू लागतं. पाणबुडे पाण्यात उतरण्याआधी मुखवट्याच्या काचेवर थुंकून ती विसळून घेतात, तेही याच कारणासाठी. ही माहिती मी एकदा गाडीत दिली, तेव्हा बंडूमामांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. वहिनींनी त्यांना वेळीच आवरलं.

मिठाची पुरचुंडी हा वहिनींच्या माहेरचा उपाय. मीठ ओल ओढतं, म्हणून फडक्यात बांधून डॅशबोर्डवर ठेवायचं. देशावर ठीक आहे. पण हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाझरायला लागतं, हे कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरातली मिठाची बरणी सांगेल. आंबोलीच्या पावसात पंचाहत्तर टक्के म्हणजे कोरडा दिवस. पुरचुंडी घाटमाथ्याला पोचेपर्यंत पाझरली आणि खारं पाणी डॅशबोर्डवरून अण्णांच्या पॅण्टवर आलं. गाडीला गंज चढतो त्याची जबाबदारी तेव्हापासून वहिनींच्या माहेरावर आहे.

शेवटचा इलाज म्हणजे चालकाने डोकं बाहेर काढणं. पडद्याची दोन बटणं काढायची आणि मान बाहेर. चेहऱ्यावर पाऊस, चष्म्यावर पाऊस, आणि चष्म्याला वायपर नाही. दोन मिनिटांनी मान आत घेतली की ओल्या केसांची नवी वाफ काचेकडे निघतेच. तेव्हा अण्णा थेट नाकानेच काचेवर एक छोटी जागा स्वच्छ करतात आणि तेवढ्या खिडकीतून आम्हाला वर नेतात.

नाकाने काच पुसणारे अण्णा पहिलेच नव्हेत. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९ए या यानातून यूजीन सर्नन हा अमेरिकन अंतराळवीर यानाबाहेर पडला. दोन तासांहून थोडा जास्त वेळ तो बाहेर होता. तिथे धरायला नीट काही नाही, प्रत्येक हालचालीला झगडावं लागत होतं आणि पोशाखातली हवा त्याचा घाम सुकवायला पुरी पडेना. शिरस्त्राणाची काच आतून वाफेने भरली. फडकं असून उपयोग नव्हता, कारण काच उघडायची सोय नव्हती. त्याने नाक टेकवून काचेवर एक लहानसं भोक पुसून घेतलं, ठरलेलं काम अर्धवट सोडलं आणि कसाबसा यानात परतला. त्यानंतर काचेला आतून वाफ धरू नये म्हणून द्रावण चोळायला सुरुवात झाली. पुढे १९७२ साली तो चंद्रावर उतरला आणि तिथे चार चाकांना स्वतंत्र मोटर असलेली गाडीही त्याने चालवली. तिला पुढची काचच नव्हती. त्या गाडीला ती का नव्हती ते वेगळं, पण अनुभवी माणसाला असलीच गाडी द्यावी.

खरं तर जीपच्या मूळ लष्करी घडणीतच हा उपाय आहे. १९४१ पासून युद्धासाठी तयार झालेल्या विलिस जीपची काच पुढे बोनेटवर पाडता यायची. आमच्याही जीपची पडते. अण्णांनी ती एकदा आंबोलीत पाडून पाहिली. वाफेचा प्रश्न मुळासकट मिटला. पण तासाला तीस किलोमीटरच्या वेगाने पावसाचा थेंब बुबुळावर बसतो तेव्हा काय वाटतं, हे त्या काळच्या सैनिकांना ठाऊक असणार. त्या जुन्या जीपचे वायपरसुद्धा आधी हाताने हलवायचे असत. म्हणजे शेजारच्या सीटवरचा माणूस तेव्हाही कामाला लावलेला होता.

वायपरची कथाही ऐकण्यासारखी आहे. अलाबामाच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यू यॉर्कला गेल्या होत्या. ट्रामचा चालक काच उघडून, गारठा अंगावर घेऊन पुढचं बघत होता, ते त्यांनी पाहिलं आणि आतून दांडी हलवून बाहेरची काच पुसायचं साधन तयार केलं. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना त्याचं पेटंट मिळालं. सगळ्या जगातल्या मोटारींना आज वायपर आहेत ते बाहेरून. आतल्या बाजूच्या वायपरचा शोध मात्र अजून बाकी आहे. आमच्याकडे ते पद बंडूमामा सांभाळतात. जुन्या गाडीत पुढच्या डाव्या सीटवर बसणाऱ्याला मान असतो, समोरचं दृश्य असतं, पाय पसरायला जागा असते. त्याच्या बदल्यात त्याने फडकं धरायचं. अट एवढीच की पुसताना त्याचा दंड चालकाच्या डोळ्यांसमोर येता कामा नये. बंडूमामांचा येतो.

नव्या गाडीवाल्यांना वाटतं, आपण यातून सुटलो. आमच्या शेजाऱ्यांनी मोठी नवी गाडी घेतली. एसी पूर्ण थंड करून ते आंबोलीला निघाले आणि काच पांढरी झाली. उतरेपर्यंत ते आतून पुसत होते. वाफ बाहेरून होती. गार एसीचा झोत काचेवर मारला की काच बाहेरच्या दमट हवेपेक्षा थंड होते आणि पाणी बाहेरच्या बाजूला जमतं. ते वायपरच्या एका फेरीत जातं. एसी जरा कमी गार केला की पुन्हा येत नाही. एसीचं खरं काम तसं मोलाचं आहे. थंड नळ्यांवर हवेतलं पाणी काढून घेतो आणि गाडीखाली टपटप सोडतो, म्हणून आतली हवा कोरडी राहते. वर थोडा हीटर लावला की काच लखलखीत. पण त्यासाठी गाडीत एसी असावा लागतो आणि हवा बाहेरून घ्यायचं बटण दाबायला लागतं. आतलीच हवा फिरवत ठेवली आणि एसी बंद केला, तर कोट्यवधींच्या गाडीचीही जीप व्हायला वेळ लागत नाही.

अखेर अण्णांनी गाडी मेस्त्रीकडे नेली. मेस्त्री म्हणजे चार शब्दांत निकाल देणारा माणूस. अण्णांनी साबण, तंबाखू, मीठ असा सगळा इतिहास सांगितला. मेस्त्रीने फणसाच्या वासाने भरलेल्या गाडीत डोकं घातलं, पायांखालचं गोणपाट उचललं आणि पिळून दाखवलं. लोटाभर पाणी पडलं.

"अण्णा, काच पुसून काय हुतंय? वलं आत हाय तवर काच भरणारच."

मग त्याने बोनेट उघडून हीटरकडे जाणारी नळी दाखवली. ती कुणीतरी तोडून इंजिनला परस्पर जोडून टाकली होती. "आपल्याकडं हीटर कशाला लागतोय," असं आधीच्या मालकाचं मत असणार. हीटरची गरज माणसाला नसते, काचेला असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनच्या गरम पाण्यावरून आलेली ऊबदार हवा काचेच्या तळाशी सोडली की काचेचं तापमान आतल्या हवेच्या दवबिंदूच्या, म्हणजे जिथे वाफेचे थेंब होऊ लागतात त्या तापमानाच्या, वर जातं आणि थेंब धरतच नाहीत. नळी परत जोडताना मेस्त्री म्हणाला, हीटर चालू केल्यावर गोडसर वास आला आणि काचेवर चिकट थर बसायला लागला, तर समजायचं की हीटरच आतून गळतोय. मग पुसत बसू नका, गाडी घेऊन या. शिवाय त्याने चौकटीचं कडक झालेलं बीडिंग बदललं, पेडलच्या भोकांना रबर लावलं आणि तळाची बुजलेली पाणी जायची भोकं तारेने मोकळी केली. बिल सांगितल्यावर अण्णांच्या चष्म्यावर वाफ आली.

आता गाडी बरी आहे. पूर्ण नाही, कारण माणसं तीच आहेत. पण ओले रेनकोट पिशवीत बांधून मागच्या टोकाला जातात, गोणपाट निघण्याआधी वाळवलं जातं आणि मे महिन्यातच आतली काच साबणाने धुऊन कोरडी केली जाते, कारण मळलेल्या काचेवर थेंब लवकर धरतो. मागच्या बाजूच्या पडद्याचं एक बटण उघडंच असतं, तिथून वाफ जाते. त्या बटणाखाली कोण बसणार, यावर दाणोलीला चिठ्ठ्या टाकतो.

तेव्हा जुनी जीप घेऊन घाटात निघणाऱ्यांना एवढंच सांगणं. समोरचं दिसत नसेल तर चारही चाकांच्या भरवशावर पुढे जाऊ नका; रुंद जागा बघून, रस्त्याच्या पूर्ण बाहेर, दिवे लावून थांबा. आंबोलीत भजी मिळतात आणि ती खाऊन होईतो काच निवळते. चालत्या गाडीत फडक्यापेक्षा उघडी खिडकी कामाची, दोन बोटं पुरे. खांदा भिजेल, फार तर शिंक येईल. ती तेवढी काचेवर देऊ नका.